जरा रंग काढला की झालं

होडी विकणाऱ्याने मला एकच वाक्य सांगितलं होतं. "काही करायला नको, जरा रंग काढला की झालं." मराठीत रंग काढणं म्हणजे रंग लावणं आणि रंग खरवडणं, दोन्ही. मी पहिल्या अर्थाने पैसे मोजले. त्याने बहुधा दुसऱ्या अर्थाने घेतले.

होडी अठरा फुटी, फायबरची. मागे आठ हॉर्सपॉवरचं जपानी इंजिन, वयाने आमच्या थोरल्या जावयाएवढं आणि सुरू व्हायला तितकंच मानी. ठाण्यात छत्तीस वर्षं लोकलच्या दांड्याला लोंबकळलेल्या माणसाने निवृत्तीनंतर गावच्या खाडीत स्वतःच्या वाहनातून बसून फिरावं म्हटलं, तर काय चुकलं?

"बसूनच फिरायचं तर स्कूटर घ्यायची होती," ही म्हणाली.

वाघोटनच्या खाडीत, विजयदुर्गाच्या वरच्या अंगाला, मराठ्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, सुकती झाली की तळ डागडुजीला मोकळा. त्याच खाडीच्या काठी आमची गोदी म्हणजे रिकामा गोठा. शेवटची गाय जाऊन बारा वर्षं झाली होती. होडी टेम्पोतून आली, आठ जणांनी हय्या-हो करत गोठ्यात उपडी घातली आणि आठही जण चहा पिऊन "चांगली आहे हो" म्हणून गेले. उपड्या होडीबद्दल कोणीही चांगलंच बोलतो.

जून उजाडला होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा मेस्त्रींना वेळच वेळ असणार, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात अख्ख्या बंदराची इंजिनं याच दोन महिन्यांत त्यांच्या पडवीत येऊन पडतात. माझा नंबर एकोणिसावा लागला. तोवर मी खरवडायला घेतलं.

वरचा पांढरा रंग गेला, खाली निळा निघाला आणि निळ्यावर नाव : 'रामेश्वर प्रसाद'. निळा खरवडला तर हिरवा, त्यावर 'गरीब नवाज'. हिरव्याखाली भगव्याकडे झुकणारा तांबडा आणि नाळेजवळ, अर्धवट पुसलेलं, 'स्टेला मारिस'. म्हणजे होडीने तीन मालक, तीन धर्म आणि देव जाणे किती खडक पाहिले होते. प्रत्येक मालकाने आपापल्या परीने एकेक भोक बुजवलं होतं. एकाने एम-सीलने, एकाने डांबराने आणि एकाने, खोटं सांगत नाही, चपलेच्या रबराने. ते रबर मात्र सर्वांत पक्कं निघालं.

शेवटी मेस्त्री आले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने मागची फळी ठोकून पाहिली, फणस पिकलाय का पाहावं तशी. वर टणटण वाजलं. खाली, जिथे इंजिन अडकवायचं तिथे, बदबद. "पिकलो," ते म्हणाले. आतलं प्लायवूड कुजून खताला आलं होतं. पाणी नेमकं कुठून येतं, असं मी विचारलं.

"अण्णानू, पाणी खंयसून येता ता इचारू नकात. खंयसून येणा नाय ता इचारा."

प्लायवूड त्यांनी बदललं. भोकांवर फायबरची मॅट लावायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा ते त्यांनी सांगितलं होतं : अगदी थोडा, शंभराला एक-दोन. पण पावसाळी हवेत ते लवकर सुकणार नाही, तेव्हा सढळ हाताने घालावा असं मला वाटलं. हिच्या हाताखाली मी आमटीत मीठही कधी घातलेलं नाही, हे इथे सांगायला हवं. मिश्रण न्हाणीघरातल्या टमरेलात कालवलं. दोन मिनिटांत टमरेल तापलं, तिसऱ्या मिनिटाला धुरावलं आणि ब्रश उचलायला गेलो तर ब्रशाबरोबर टमरेलही वर आलं. आता ते माजघरात फळीवर आहे. पाहुणे 'कशात मिळालं हे?' असं विचारतात.

त्या अपयशाची भरपाई म्हणून मी इंजिनाला हात लावला. म्हणजे फक्त रंगाचा. इंजिनाच्या पाण्यात राहणाऱ्या भागावर एक राखाडी, खडबडीत, अगदी दरिद्री दिसणारा तुकडा होता. त्यावर मी ऑइल पेंटचे दोन हात मन लावून दिले. मेस्त्रींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"जस्ताक रंग कोणी लायल्यान? ता झिजाकच व्हया!"

खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडीने राहिले की एकाला दुसऱ्यासाठी झिजावं लागतं. इंजिनाचं अॅल्युमिनियम झिजू नये म्हणून त्याला जस्ताचा तुकडा लावतात. खारं पाणी आधी जस्ताला खातं. रंग लावला की पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि मग इंजिनाला लागतं. माझी धाकटी आत्या आमच्या एकत्र कुटुंबात हेच काम चाळीस वर्षं करत होती. तिला कोणी रंग लावला नाही एवढंच. मी पॉलिश पेपरने दोन तास जस्त घासत बसलो.

मग पिंपातली चाचणी. पिंपभर पाणी, त्यात इंजिन बुडवलेलं, लिटरभर पेट्रोलमध्ये वीस मिली तेल. पाणी ओढून घेणारं आतलं रबरी चक्र नवं घातलेलं. दोरी मेस्त्रींनी सात वेळा ओढली, मी चौदा वेळा आणि ओळखीपाळखीचे येऊन एकेकदा. पंचवीस-तिसाव्या झटक्याला गोठा निळ्या धुराने भरला, शेजारच्या कोंबड्या गडग्यावर चढल्या आणि इंजिनाच्या बगलेतून पाण्याची बारीक धार सुटली.

"मुतता मा? मग बरा आसा."

ही धार म्हणजे थंडाव्याचं पाणी फिरतंय याची खूण. आमच्या वयाच्या माणसाला ती खूण समजावून सांगावी लागत नाही.

पाण्यात कधी उतरवायची? मेस्त्रींनी बोटं मोजली. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ. नारळी पौर्णिमा, म्हणजे पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. ही बाई एरवी माझ्या कुठल्याही बेताला नाक मुरडणारी, पण "सव्वा अकराचा मुहूर्त निघालाय" हे ऐकल्यावर तिने नारळीभाताला तांदूळ भिजत घातले. मीही खुलासा केला नाही.

नव्या नावावर आमचं एकमत होईना आणि खरवडूनही जुनी तीन पुरती जाईनात. तेव्हा नाव न घालताच सव्वा अकराला होडी तरंगली. हिने नारळ वाहिला. इंजिन चौथ्या झटक्याला लागलं. धार सुटली. मी खाडीच्या मध्यावर सुकाणू धरून उभा आणि काठावर सारं गाव. ठाण्याच्या प्लॅटफॉर्म क्रमांक चारने मला त्या क्षणी पाहायला हवं होतं.

तासाभराने खालच्या वळणावर पंख्याला खडक लागला. खट्ट. मेस्त्रींचा चेहरा उजळला. "पिन तुटली! बरी तुटली." गिअर वाचावेत म्हणून ही बारीक पिन मुद्दाम तुटण्यासाठीच असते. आधीच्या कोण्या मालकाने तिच्या जागी खिळा ठोकला होता, तो काढून मेस्त्रींनी नवी घातली होती. ते इंजिन वर उचलून दुसरी पिन बसवू लागले. तेवढा वेळ वल्ह्याने होडी धारेत धरायचं काम माझं. पण काठावरून कोणीतरी हात हलवत होतं आणि हात हलवणाऱ्याला हात हलवणं हा शिष्टाचार आहे.

पिन बसली तेव्हा होडीही बसली होती. चिखलात, सुबक, सरळ. पाणी झपाट्याने उतरत होतं. उतरून ढकलावी म्हणून मी एक पाय खाली टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल तिथेच राहिली.

"आता?"

मेस्त्रींनी बोटं मोजली. "रातीक धा." मग बिडी पेटवली आणि आडवे झाले.

तिकडे नारळीभात तयार असणार, या विचाराने मी धारेकडे पाहत बसलो. पाऊण तासाने वरच्या बाजूने काहीतरी डुलत डुलत येताना दिसलं. हळदकुंकू लावलेला, शेंडी वर केलेला आमचाच नारळ. होडीपासून दोन हातांवरून तो संथपणे पुढे गेला, वळण घेतलं आणि समुद्राकडे निघून गेला.