पट्टा घ्यायला कामठी

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात पायी फिरणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात. तो पुण्याचा आहे हे कळलं की काळजीच्या जागी कुतूहल येतं. त्यात त्याच्या हातात शिंप्याची टेप असेल आणि तो ‘रायफलचा पट्टा कुठे मिळेल हो?’ असं विचारत असेल, तर सीताबर्डीच्या मेन रोडवरचा फुगेवालासुद्धा दोन पावलं मागे सरकतो.

भाची पन्नास मीटर रायफल खेळते. रायफल क्लबची आणि पट्टाही क्लबचाच. जो येईल तो आपल्या दंडाच्या मापाने त्याचं भोक बदलून जातो. ‘‘मामा, स्वतःची स्लिंग असल्याशिवाय काही खरं नाही,’’ असं तिने मी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं. परदेशी स्लिंगची किंमत ऐकून भाऊजींनी कूलर फुल्ल केला. ‘‘पट्ट्याला इतके? बंदूक त्यात फुकट येते का?’’ मग ताईने माझ्या खिशात उन्हाचा कांदा कोंबला आणि स्वस्त आणि मस्त शोधून आणण्याची कामगिरी माझ्यावर सोपवली. नागपुरात पाहुण्याला रिकामं बसू देत नाहीत.

खेळाच्या दुकानात क्रिकेटच्या किटबॅगचा पट्टा मिळाला. म्हणजे मिळत होता, मी घेतला नाही. बंदुकीच्या दुकानातले आजोबा फार अदबीचे. त्यांनी जाड तपकिरी चामड्याचा पट्टा काढला. खांद्यावर गादी, वर काडतुसांची घरं. ‘‘जंगलात दिवसभर फिरा, खांदा दुखणार नाही.’’ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पट्टा बहुधा त्याच्या आधीचा असावा.

अडचण अशी की नेमबाजाचा पट्टा खांद्यासाठी नसतोच. त्याचं एक टोक दंडात घट्ट अडकतं, दुसरं रायफलच्या पुढच्या भागाखालच्या पट्टीला. मधला भाग मनगटामागून जातो. पालथं पडून कोपर टेकला की रायफल हाडांवर आणि पट्ट्यावर तोलली जाते. स्नायूंनी नुसतं पडून राहायचं. हे करायचं, कारण समोरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि अंतर पन्नास मीटर. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक घेतलं, त्यात गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून पट्टा चालतो. उभं राहून मारताना मनाई. म्हणजे पट्ट्याची सर्वात जास्त गरज जिथे वाटते, नेमका तिथेच तो काढून ठेवायचा. हा नियम करणारा माणूस सरकारी नोकरीत असणार.

इतवारीत एका नवारीच्या दुकानात हे सगळं समजावून सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पलंग किती फुटी आहे जी?’’

तरी माणूस दिलदार. त्याने सुती नवार काढली, नायलॉनची काढली. सुती नवार घाम पिते आणि सैल पडते, आणि नागपुरात मे महिन्यात घामाची टंचाई नाही. नायलॉनची ओढून बघावी म्हणून एक टोक पायाखाली धरून दुसरं मी वर खेचलं. ती ताणली गेली. पट्टा असा ताणला जायला लागला तर प्रत्येक गोळीला रायफल नव्या जागी बसायची. तोवर भोवती पाच-सहा जण जमले होते. एकाने सल्ला दिला, ‘‘भाऊ, गुडघा वाकवून ओढा न!’’ दुसरा म्हणाला, ‘‘काय करून राह्यले हे?’’ तिसऱ्याने त्याला गंभीरपणे सांगितलं, ‘‘फॉरेनचा व्यायाम आहे.’’

‘‘कामठीले जा,’’ शेवटी मालकच म्हणाले. ‘‘फौजी सामान तिकडंच.’’

हे मला आधीच सुचायला हरकत नव्हती. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि कंपनी सरकारची लढाई झाली. त्यानंतर चार वर्षांनी कामठीची छावणी वसली. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. ज्या गावात दोनशे वर्षं बंदुका खांद्यावर आहेत, तिथे पट्टे असणारच. सीताबर्डीहून ऑरेंज लाइनच्या मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गारेगार गेलो. पुढे ऑटो. चालकाने आरशातून टेपकडे पाहून विचारलं, ‘‘फॉरेस्टवाले का?’’ मी हो म्हटलं. भाडं दहा रुपयांनी उतरलं. फॉरेस्टवाल्यांचा हा दरारा पुण्यात कुणाला ठाऊक नाही.

छावणीजवळच्या दुकानात बूट, बिल्ले, शिट्ट्या, डोऱ्या, सगळं टांगलेलं. थ्री-नॉट-थ्रीचा खाकी सुती पट्टासुद्धा होता, टोकांना पितळ. देखणा, पण टांगायचाच. आतल्या मशीनवर बसलेल्या मास्टरांना मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. त्यांनी मध्येच हात वर केला. ‘‘दंडात घालायचा नं? माप सांगा.’’

दिवसभरात पहिल्यांदा कोणी मला पलंगाबद्दल विचारलं नाही. मला भरून आलं.

रुंदी चाळीस मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, हा नियम मी सांगितला. त्यांनी अडतीसची घट्ट विणीची पॉलिस्टर पट्टी घेतली, दुहेरी केली, लांबीच्या दिशेने टिपा मारल्या. मग दंडाकडच्या भागाला आतून चामड्याचा खडबडीत तुकडा लावला, घसरू नये म्हणून. बक्कल जुन्या पिशवीचं, पण मजबूत. सारख्या अंतरावर भोकं पाडून प्रत्येकाला नंबर घातला. ‘‘बेटीले सांगा, नंबर वहीत लिहून ठेव. उद्या शोधत बसणार नाही.’’ पैसे दोन माणसांच्या सावजी जेवणाइतके. तेही मटण न घेता.

संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजीवर चाचणी झाली. रायफल क्लबात, म्हणून हातात लाटणं.

‘‘मामा, नाडी लागतेय.’’

दंडाच्या मध्यावर पट्टा आला की आतली रक्तवाहिनी दाबली जाते. मग प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलीत जातो आणि नेम काळजाबरोबर उड्या मारतो. पट्टा वर, काखेजवळ सरकवल्यावर लाटणं स्थिर झालं. भाऊजींनाही बघायचं होतं. ते पालथे पडले, पण पोट आधी टेकलं आणि कोपर दोन्ही हवेतच राहिले. ‘‘या प्रकारात मी बसत नाही,’’ असं म्हणून ते उठायला लागले, तेव्हा दोघांनी हात दिला.

दुसऱ्या दिवशी क्लबात सरांनी फूटपट्टीने रुंदी मोजली, टिपा उसवून बघण्याचा प्रयत्न केला, ओढलं, परत ओढलं. मग भाव विचारला. भाव ऐकून खिशातून डायरी काढली.

‘‘आपल्याकडे सहा पोरं अशीच खोळंबली आहेत,’’ ते भाचीला म्हणाले. ‘‘मामा कधीपर्यंत आहेत?’’

‘‘रविवारपर्यंत,’’ भाची म्हणाली. ‘‘आणि घरी कांदे भरपूर आहेत, सर.’’