सिलतऱ्याचे धनुर्धर

सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मराठी माणूस रायपुरात एक तर मंडळाच्या निवडणुकीला उभा राहतो, नाही तर प्राणायाम शिकवतो. आमच्या काकांनी धनुष्य उचललं.

का उचललं, हे विचारू नये. विचारलंत तर चहा गार होतो. धरलेला खांदा मोकळा व्हावा म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, ही पहिली आवृत्ती. ती आता फक्त काकू सांगतात. दुसरीत 1987 चं दूरदर्शनवरचं 'रामायण' आणि खराट्याच्या काड्यांचे बाण येतात. काका तेव्हा चांगले नोकरीला लागलेले होते, हे मनात आणायचं नाही. तिसरी ऐतिहासिक आहे. 1758 मध्ये बिंबाजी भोसल्यांबरोबर रतनपूरला आलेला पूर्वज म्हणे तिरंदाज होता. घरातले मोडी कागद म्हणतात, तो जमाखर्च लिहायचा. ‘‘अहो, लिहिणाऱ्याच्या खांद्याला काय लटकलं होतं, ते जमाखर्चात कशाला येईल?’’ असं काका विचारतात, आणि आपण गप्प बसतो.

धनुष्य मात्र अस्सल हो. बस्तरकडचं, बांबूचं, दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. बाण सुटला की ती पट्टी डाव्या हातावर सपकन बसते. चामड्याचा पट्टा बांधला तर वळ उठणार नाही, पण मग अर्ध्या बाहीच्या शर्टातून गणेशोत्सवात दाखवायचं काय?

कॉलनीमागच्या पडीक जागेत पैरा भरलेलं सिमेंटचं पोतं टांगलंय, तीस मीटरांवर. भारतीय धनुष्याच्या स्पर्धेत पन्नास मीटरही असतात, ते काका बोलत नाहीत. नेम चुकला की सिलतऱ्याची काजळी डोळ्यांत गेलेली असते. वारा नसेल त्या दिवशीसुद्धा.

5 ऑगस्ट 2023 ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. काकांनी कॉलनीभर पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर खंतही: ‘‘पोरं गुणी आहेत, पण कंपाउंड! कप्प्या लावून ओढायचं, याला काय अर्थ? दात पडल्यावर ऊस मिक्सरमधून काढण्यातली गत!’’

परवा कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराचा मुलगा भेटायला आला. बिलासपूरकडच्या शिवतराईचा, म्हणजे तिरंदाजांचं म्हणून नाव झालेल्या गावचा. पाठीला लांबोडकी बॅग. तिच्यात रिकर्व्ह धनुष्य, नेम धरायची साइट, तोल सांभाळायच्या दांड्या, कार्बनचे बाण. सराव सत्तर मीटरांवर. काकांनी त्याच्या हातात आपलं बांबूचं दिलं आणि मुळं सोडू नकोस म्हणून अर्धा तास समजावलं. मुलाने ते उलटसुलट करून पाहिलं, अदबीने परत दिलं.

‘‘दादाजी के पास ऐसा ही था, साहेब. आपके प्लांट में स्पोर्ट्स कोटा है क्या?’’

काकांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि बिंबाजी भोसल्यांपासून सुरुवात केली.