आमेन न म्हणणारं माणूस

आम्हा पाळकांच्या कामात एक मोठी गैरसोय आहे. आमचं चुकलं असं तोंडावर सांगणारं कुणी भेटत नाही. रविवारी उपासना संपली की पाळक दाराशी उभा राहतो आणि मंडळी एकेक करून हात मिळवत बाहेर पडते. “पाळकसाहेब, संदेश फार छान झाला.” असं म्हणणाऱ्यांत पुढच्या बाकावर जागे राहिलेले असतात, तसे मागच्या बाकावर गाढ झोपलेलेही असतात; उलट झोपलेल्यांचा हात जरा जास्तच जोरात दाबला जातो. वकिलासमोर दुसरा वकील उभा असतो, डॉक्टरवर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं, आमदाराला पाच वर्षांनी का होईना मतदाराचं तोंड पाहावं लागतं. पाळकाची प्रार्थना लांबली, भरकटली, देवाला माहीत असलेल्याच बातम्या त्याला पुन्हा सांगत बसली, तरी शेवटी सगळे एका सुरात ‘आमेन’ म्हणून मोकळे होतात. वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर माणसाला हळूहळू वाटायला लागतं की हा मान देवाचा कमी आणि आपलाच जास्त आहे. म्हणून माझं म्हणणं असं की, पाळकाच्या घरात आमेन न म्हणणारं निदान एक माणूस असलंच पाहिजे. पाळकानं लग्न का करावं, याची एकटेपणा, मनुष्यस्वभाव वगैरे कारणं नेहमी सांगतात. ती खरी असतील, पण दुय्यम आहेत. मुख्य कारण हे, की त्याच्या श्रद्धेची रोजच्या रोज झडती घेणारं कुणीतरी हवं.

याचा पहिला मोठा पुरावा मार्टिन लूथर. 1522 साली लग्नसंस्थेवर लिहिताना या गृहस्थानं असा विचार मांडला की, बाप आपल्या मुलाचे लंगोट धूत असेल आणि लोक त्याला हसत असतील, तर खुशाल हसू द्यावं. स्वर्गात देव आणि देवदूत मात्र त्याच्यावर खूश असतात. विचार थोर आहे. फक्त तो मांडला तेव्हा लूथरचं लग्न झालेलं नव्हतं. ते झालं 1525 साली, कॅथरिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी, आणि मग सिद्धान्ताला संसार भेटला. विटेनबर्गच्या जुन्या मठात बाईंनी घर थाटलं, बिअर गाळली, डुकरं पाळली, शेत घेतलं, सहा मुलांना जन्म दिला आणि शिवाय लूथरच्या भोवती गोळा होणाऱ्या विद्यार्थ्यांना जेवू घातलं. ते विद्यार्थी जेवता जेवता लूथरचं बोलणं उतरवून घेत. म्हणजे लूथरच्या टेबलावरच्या त्या प्रसिद्ध गप्पांसाठी जगानं जेवढं लूथरचं, तेवढंच टेबलावर वेळच्या वेळी ताट ठेवणाऱ्या बाईंचं ऋणी असायला हवं. पोप आणि सम्राट यांच्यापुढे न वाकलेला हा माणूस बायकोला गमतीनं ‘मालक’ म्हणून हाक मारी. गंमत होती खरी, पण घरचा हिशोब पाहणाऱ्याला तीत अतिशयोक्ती फारशी सापडणार नाही.

इतकं लांब जर्मनीत कशाला जायचं? आपल्याकडे नारायण वामन टिळकांचं घर आहे. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधली काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, सोवळंओवळं आणि जातपात यांचा आपल्याच डोक्यानं विचार करत एकेक गोष्ट सोडत गेल्या, आणि स्वतःला पटलं तेव्हाच पुढे आल्या. ज्यांच्या शब्दांनी परकी माणसं भारावून जात, त्या कवीला स्वतःच्या बायकोनं इतकं थांबवलं. पुढे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ 1934पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकाला टिळक दिसले ते मखरातले नव्हेत, तर घरातले: हात सढळ, हिशोबाशी वैर, क्षणात रागावणारे आणि क्षणात विरघळणारे. दुसऱ्या एखाद्यानं चरित्र लिहिलं असतं तर टिळकांचा पुतळा उभा राहिला असता. लक्ष्मीबाईंनी माणूस उभा केला, आणि नवल म्हणजे पुस्तक मिटल्यावर त्या माणसाबद्दलचा आदर वाढलेला असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्याच टप्प्यावर होतं. ते महाकाव्य पुढे नेलं ते याच बाईंनी. ऊठसूट होला हो करणाऱ्या माणसाच्या हातून दुसऱ्याचं अपुरं काम पुढे जात नाही. त्यासाठी आधी त्याच्याशी बरोबरीनं भांडलेलं असावं लागतं.

आता शास्त्राकडे वळू. ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. अशा वेळी त्याची बायको फार कडू बोलली आणि त्यासाठी दोन हजार वर्षं आमच्या व्यासपीठांवरून तिला बोल लावला गेला. पण पुस्तकाचा शेवट वाचावा. देव रागावतो तो ईयोबाच्या तीन मित्रांवर, म्हणजे ज्यांनी अध्यायच्या अध्याय अतिशय धार्मिक भाषणं केली त्यांच्यावर. बायकोला तो एका शब्दानं बोलत नाही. भाषणं करून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींनी हा भाग जरा सावकाश वाचावा. पेत्राचंही तसंच. पहिल्या मंडळीचा हा खांब, पण शुभवर्तमानात त्याच्या घराचं दार उघडतं तेव्हा आत तापानं फणफणलेली सासू दिसते. ती बरी होते आणि लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. ज्याच्या घरात सासू नांदत होती, त्याला नम्रतेचा वेगळा वर्ग लावावा लागला नसणार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पौल अविवाहित होता, आणि इतरांनीही तसंच राहावं असं त्याला वाटत होतं. कबूल. पण प्रेषितांची कृत्ये काढून त्रोवसची ती रात्र पाहा. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं, खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेला म्हणून उचलला, तो पौलाच्या हातून पुन्हा जिवंत झाला. आणि पौल वर येऊन पहाटेपर्यंत बोलत राहिला! समोरच्या बाकावर पौलाची बायको असती, तर तिनं साडेआठलाच पदर सावरून दिवट्यांतल्या तेलाकडे पाहिलं असतं आणि चमत्काराची गरजच पडली नसती. दुसरा आक्षेप जॉन वेस्ली. त्यानं 1751 साली मेरी व्हाझील या विधवेशी लग्न केलं आणि दोघांचं मुळीच जमलं नाही. पण वेस्लीचं आयुष्य गेलं घोड्यावर, गावोगाव उपदेश करत. घरच्या माणसाची टीका उपयोगी पडायला आधी घरी असावं लागतं.

तिसरा आक्षेप कॅथलिक मित्रांचा: आमच्या फादरांचं बायकोवाचून कुठे अडलं? खरंच अडलं नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून दाखवलं. घरात कुणी दळण आणायला उठवणारं नसलं की ओव्यांची संख्या वाढते, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. शिवाय फादरांच्या डोक्यावर बिशप असतात. एवढंच की बिशपसाहेब रोज रात्री ताटावर समोर बसून “सकाळी सहनशीलतेवर बोललात आणि दुपारी वायरमनवर ओरडलात ते कशासाठी?” असं विचारत नाहीत.

चौथा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पाळकीणबाईंनी झडतीही घ्यायची, शब्बाथशाळाही घ्यायची, स्त्रियांची सभाही चालवायची, आलेल्यागेलेल्याचा चहाही करायचा, आणि पगार मात्र एकाचाच? हा अन्याय आहे, आणि मंडळीनं तो परंपरेच्या नावाखाली खपवला आहे. माझा युक्तिवाद त्या चहाचं समर्थन करत नाही. घरातल्या माणसाला न पटण्याचा हक्क असावा, एवढंच मी म्हणतो, आणि ज्याला तीस कप चहा करायचा आहे त्याला न पटायला फुरसत कुठली? आता स्त्रियाही पाळक होतात, म्हणजे झडतीचं हे काम नवऱ्यांकडेही येणार. ज्याच्या घरी जोडीदार नाही त्याचं हे काम म्हातारी आई करते. आणि मुलं तर काइनाला बायको कुठून मिळाली हे विचारून धर्मशास्त्राची पदवी दोन मिनिटांत उतरवून ठेवतात.

राहता राहिला पौलाचाच सवाल: ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार? अगदी बरोबर. पण पौलानं नीट चाललेलं घर मागितलं आहे, बोलती बंद झालेलं नव्हे. ज्या घरात पाळकापुढे कुणी ब्र काढत नाही, त्या घरात शिस्तीपेक्षा धाक असण्याचीच शक्यता जास्त, आणि तोच धाक रविवारी झगा घालून मंडळीत येतो. म्हणून नवा पाळक निवडताना पंचांनी दाखले, शिफारसपत्रं, आवाज आणि अक्षर जरूर पाहावं, पण मग उमेदवाराला बाहेर बसवून त्याच्या घरच्यांना आत बोलवावं आणि एकच प्रश्न विचारावा: “यांचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटत नाही?” यादी लांबली तर नेमणूकपत्र टाइप करायला घ्यावं. “छे, यांचं सगळंच पटतं,” असं उत्तर आलं, तर पुढच्या उमेदवाराला हाक मारावी.