देशी काका

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये ‘देशी’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. देशी दुकान म्हणजे कढीपत्ता मिळतो ते. देशी पार्टी म्हणजे सातची वेळ देऊन साडेआठला सुरू होते ती. त्यामुळे काकांनी पहिल्याच भेटीत दारात उभं राहून “आपल्याकडे सगळे देशी मासे आहेत बरं का, विदेशी एकही नाही” असं बजावलं, तेव्हा मला वाटलं, रोहू-कटला असतील, फार तर मरळ.

दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी चार फुटी टाकी. पंचाहत्तर गॅलन, म्हणजे २८४ लिटर पाणी. आत इलिनॉयचे अस्सल भूमिपुत्र: ब्लूगिल, पम्पकिनसीड आणि एक ग्रीन सनफिश. सगळे सनफिश कुळातले, लेपोमिस गोत्राचे. पम्पकिनसीडच्या गालावर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा, कानाच्या पाळीवर कुंकवाचा ठिपका. “आहे का तुझ्या त्या गप्पीत हे तेज?” काकांनी विचारलं. माझ्याकडे गप्पी नव्हता. तरी मी ओशाळलो.

काका मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९९८ साली वायटूकेच्या लाटेत एच-वन-बी व्हिसावर आले. पण बाहेरून आलेल्यांबद्दल त्यांची मतं फार कडक. “एशियन कार्प! सत्तरच्या दशकात तळी साफ करायला आणले, तिथून निसटले आणि नदीभर झाले. आता मिशिगन सरोवरात शिरू नयेत म्हणून शिकागोच्या कालव्यात वीज सोडून ठेवावी लागते. अरे, कामापुरते आणले होते ना? काम झालं की जायचं. हे कायमचेच राहिले!”

काकू पोह्यांच्या बशा घेऊन येत होत्या. “अगदी,” त्या म्हणाल्या आणि काकांच्या पोह्यांवर लिंबू जरा जास्तच पिळलं.

हाच न्याय उलट दिशेने मात्र लागू होत नाही. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो शिकागोला आले, तेव्हा महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. जपानच्या पाण्यात ते इतके माजले की २००७ साली, तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ही हकिकत सांगताना काकांचा चेहरा बारावीच्या निकालाच्या दिवशी असावा तसा फुलतो. “आपली पोरं! जातील तिथे नाव काढतात.”

आता या पोरांचा स्वभाव. नर सनफिश शेपटीने रेती उडवून बशीसारखा खळगा करतो आणि तिथून त्याला सातबारा लागू होतो. जवळ येईल त्याला चावा. कल्ले फुगवून, कानाच्या पाळ्या ताणून आधी नोटीस देतो, मग अंगावर जातो. यावर काकांचे उपाय ऐकण्यासारखे असतात, कारण गावाकडे चुलतभावाशी बांधावरून चाललेल्या दाव्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत.

“दोन कधी पाळायचे नाहीत,” ते सांगतात. “एक पाळ, नाहीतर आठ-दहा. दोन म्हणजे एका विहिरीवर दोन भाऊ. एक दुसऱ्याला मारूनच थांबणार. आठ असले की मार वाटला जातो.” एकाच जातीचे नर एकमेकांचे जास्त वैरी, हे शोधायला त्यांना पुस्तक लागलं नाही, भाऊबंदकी हा शब्द त्यांनी सोबत आणलेलाच होता.

एखादा दांडगा फारच चढला की काका बाह्या सरसावतात आणि टाकीतले दगड-ओंडके उपसून नवीन मांडणी करतात. दांडग्याला आपला खळगाच सापडत नाही. “फेरमोजणी,” काका समाधानाने म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही तर निलंबन: दांडगा चार दिवस तळघरातल्या दुसऱ्या टाकीत. परत येईपर्यंत जागा इतरांनी वाटून घेतलेल्या असतात आणि साहेबांना नवख्यासारखं कोपऱ्यात उभं राहावं लागतं. हा उपाय मासे सोडून आणखी कुणावर चालेल याची यादी काकांकडे तयार आहे. पहिलं नाव चुलतभावाचं.

पाणी कोमट झालं की नरांना घरटी सुचतात, म्हणून टाकीत हीटर नाही आणि हिवाळ्यात घराचा थर्मोस्टॅटही माशांच्या तब्येतीने चालतो. काकू घरात शाल घेऊन वावरतात. एवढंही त्या चालवून घेतात. पण गेल्या वर्षी मी फ्रिज उघडून श्रीखंडाचा डबा काढला तेव्हा त्या पलीकडून जिवाच्या आकांताने ओरडल्या, “तो नको!” डब्यात गांडुळं होती. जिवंत. केशर-वेलची.

ग्रीन सनफिशला मोठं तोंड आहे आणि तोंडात मावेल ते खाद्य, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्यामुळे यंदा उन्हाळ्यात नातीने जत्रेत प्लॅस्टिकच्या पिशवीतला गोल्डफिश जिंकून आणला, तेव्हा घरात शांतता पसरली. गोल्डफिश! मूळचा चीनचा, त्यातून कार्पच्या भावकीतला.

“आजोबा, हा देशी की विदेशी?” नातीने विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. पिशवी उजेडात धरली. काकूही हातातलं काम टाकून येऊन उभ्या राहिल्या.

“याचा जन्म कुठला?” काकांनी चौकशी केली.

“इथलाच असेल. माशांच्या फार्मवरचा.”

“मग प्रश्नच नाही,” काका म्हणाले. “जन्माने सिटिझन. आपल्या दोघांपेक्षा आधी.”

गोल्डफिशला आता दहा गॅलनचं स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं आहे, मोठ्या टाकीला खेटून. ग्रीन सनफिश पहिले दोन दिवस काचेला नाक लावून कल्ले फुगवत राहिला. एकमेकांना दिसले नाहीत की भांडण नाही, हा काकांचा जुना नियम. म्हणून त्यांनी दोन्ही टाक्यांच्या मधे आडोसा उभा केला आहे: गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचा, संकष्टीची बाजू गोल्डफिशकडे करून.