पाच शहरं, चार घड्याळं

मराठी माणसाचा ऑस्ट्रेलियाचा भूगोल पहाटेच्या गजरावर पक्का झालेला असतो. मेलबर्न आणि सिडनीची कसोटी असली की गजर पाचचा. ब्रिस्बेन किंवा ॲडलेडला दिवसाची कसोटी असली की साडेपाचच्या सुमाराचा. पर्थची मॅच म्हणजे निव्वळ चैन, कारण चहा, अंघोळ आणि पेपर उरकून आठच्या आत टीव्हीपुढं बसलं तरी पहिला चेंडू चुकत नाही. या देशात उन्हाळ्यात वेगवेगळ्या प्रांतांची घड्याळं वेगवेगळी चालतात, हे आपल्याकडच्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. आईला मात्र वाटतं, कार्टं अभ्यासाला उठलंय.

योगायोग असा, की कसोटी क्रिकेटची ही पाच जुनी ठाणी म्हणजेच लोकसंख्येनं त्या देशातली पहिली पाच शहरं. देश भारताच्या दुपटीहून मोठा, माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढीही नाहीत. त्यातली साठ टक्क्यांहून जास्त मंडळी या पाच शहरांत दाटीनं राहतात आणि उरलेला खंड कांगारू, मेंढ्या आणि लोहखनिजाला सोडून देतात. एवढी ऐसपैस जागा असताना भांडणाचं कारण काय, असं कुणालाही वाटेल. पण चाळीतल्या एका नळावर भांडावं तशी ही शहरं गेली दीडदोनशे वर्षं एकमेकांशी भांडताहेत.

मराठी आईवडिलांना या भांडणाचा प्रसाद पहिल्याच फेरीत मिळतो. विशेषतः ज्यांची लेक सिडनीला आणि मुलगा मेलबर्नला असतो त्यांना. असं एक जोडपं डोळ्यांपुढं आणायला हरकत नाही. आजोबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, आजी बँकेतून. दोघांच्या मिळून चार बॅगा, त्यांतल्या तीन खाण्याच्या.

विमानात कार्ड भरायची वेळ आली, की संसाराची पहिली कसोटी लागते. खाण्याचे पदार्थ आणलेत का, असा त्यात स्वच्छ प्रश्न असतो. “अहो, ‘नो’ करा,” आजी कुजबुजतात. “लाडू काय आपण विकायला नेतोय?” आजोबांनी मात्र हयातभर सरकारी फॉर्म भरलेले असल्यामुळे ते ‘येस’वर खूण करतात. ते बरंच असतं. सांगून नेलं तर अधिकारी फक्त तपासतो आणि नको ते काढून घेतो. लपवून नेलं तर जबर दंड होतो आणि प्रसंगी व्हिसाही जातो. पट्ट्यावर बॅग उघडते. चकली पास होते, गोडा मसाला हुंगून परत मिळतो. मग पेढ्यांचा डबा निघतो. यात दूध आहे का, असं अधिकारी नम्रपणे विचारतो. पेढ्यात भेसळ असल्याचा आरोप होतोय अशा समजुतीनं आजी ताठ होतात आणि ठणकावून सांगतात, “प्युअर मिल्क!” भारतातून येणाऱ्या दुधाच्या मिठाईला तिथं मज्जाव आहे. डबा पिंपात जातो.

सिडनीत लेक पहिल्या दिवशी बंदरावर नेते. कारण दाखवण्यासारखं जे काही आहे ते तिथं एका नजरेत मावतं. डावीकडं पूल, उजवीकडं ऑपेरा हाउस आणि मधल्या पाण्यात हिरव्या-पिवळ्या फेरीबोटी. सिडनीचा स्वभाव असा, की देखणेपण हाच त्याचा व्यवसाय आहे. घराची किंमत विचारू नये; विचारली तर खिडकीतून पाण्याची किती चौकोनी वीत दिसते, त्यावर आकडा ठरतो.

ऑपेरा हाउसची कथा आजोबांनी जिवाचे कान करून ऐकली. डेन्मार्कच्या यॉर्न उट्झन या वास्तुशिल्पीचं डिझाइन १९५७ साली स्पर्धेत पहिलं आलं. अंदाजपत्रक ७० लाख डॉलरचं होतं आणि काम १९६३च्या सुरुवातीला संपायचं होतं. छताच्या त्या शिंपल्या उभ्या कशा करायच्या, हे बांधकाम सुरू झाल्यावरही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. नवं सरकार आलं, बिलं अडली, आणि १९६६ साली उट्झन राजीनामा देऊन गेला तो परत फिरकलाच नाही. २००८ साली तो वारला, पण पूर्ण झालेली इमारत त्यानं डोळ्यांनी पाहिली नाही. उद्घाटन १९७३ साली इंग्लंडच्या राणीच्या हस्ते झालं. एकूण खर्च आला १० कोटी २० लाख डॉलर, आणि त्यातला बहुतेक पैसा सरकारनं लॉटरीची तिकिटं विकून उभा केला. काम दहा वर्षं लांबलं, खर्च चौदापट झाला, हे ऐकताच आजोबांना परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

शेजारच्या पुलाचं उद्घाटन तर त्याहून रंगलं. १९ मार्च १९३२ रोजी मुख्यमंत्री जॅक लँग फीत कापायला सरसावणार, तेवढ्यात लष्करी गणवेशातला एक गृहस्थ मागून आणलेल्या घोड्यावर बसून पुढं आला आणि त्यानं तलवारीनं फीत कापून टाकली. फ्रान्सिस डी ग्रूट हे त्याचं नाव. धंदा जुन्या फर्निचरचा आणि लँगच्या राजकारणावर राग. पोलिसांनी त्याला घोड्यावरून खाली ओढलं आणि आधी वेड्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डोकं शाबूत निघाल्यामुळं नाइलाजानं त्याला ५ पौंड दंड करावा लागला. इकडं तुटलेल्या फितीला गाठ मारून मुख्यमंत्र्यांनी ती पुन्हा कापली.

या शहराला असल्या गोष्टींची सवय जुनी आहे. मुळात ११ जहाजांतून कैदी आणून १७८८ साली ते वसवलं गेलं. पुढं गव्हर्नर मॅक्वारीला इस्पितळ बांधायचं होतं, पण लंडनहून पैसे येईनात. तेव्हा त्यानं तीन ठेकेदारांना हजारो गॅलन रम आयात करण्याचा मक्ता दिला आणि बदल्यात इस्पितळ बांधून घेतलं. ‘रम हॉस्पिटल’ म्हणूनच ते ओळखलं जाई. त्याच्या एका भागात आज न्यू साउथ वेल्सची विधानसभा भरते.

मेलबर्नला पोचताच मुलाचा पहिला प्रश्न असतो, “सिडनी पाहिलंत ना? आता शहर बघा.”

मेलबर्नकडं समुद्र आहे, पण मिरवण्यासारखा नाही. म्हणून त्यानं संस्कृती धरली. ग्रंथालयं, चित्रांच्या भिंती, ट्रामचं जगातलं सगळ्यात मोठं जाळं, आणि कॉफी. तिथल्या बोळांतून बसलेल्या मंडळींना कॉफीवर बोलताना ऐकलं, की संगीतसभेच्या मध्यंतरात आल्यासारखं वाटतं. स्टारबक्सनं २००८ साली ऑस्ट्रेलियातली ८४पैकी ६१ दुकानं बंद केली, हे मेलबर्नकर आजही घरच्या लग्नाची तारीख सांगावी तसं सांगतात. पुणेकराला हे शहर पहिल्या अर्ध्या तासात आवडतं. दुसऱ्या अर्ध्या तासात आपल्यापेक्षा मोठा जाणकार भेटल्याचं त्याला दुःख होतं.

हवेचा नेम नाही. सकाळी स्वेटर, दुपारी टोपी, चारला छत्री, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. आजींनी चौथ्या दिवशी पिशवीच वेगळी केली. गाडी चालवण्याची रीतही न्यारी आहे. मध्यवस्तीतल्या कित्येक चौकांत उजवीकडं वळायचं असेल तर गाडी आधी डावीकडच्या कडेला घ्यायची, चौकाच्या पलीकडच्या बाजूपर्यंत नेऊन थांबायचं, ज्या रस्त्यावर वळायचं त्याचा सिग्नल हिरवा झाला की मग गर्रकन उजवीकडं. ट्रामचा रस्ता अडू नये म्हणून ही सोय. सिडनीहून आलेला माणूस इथं स्टिअरिंग धरून नामस्मरण करतो.

इथल्या महापालिकेनं रस्त्यावरच्या झाडांना नंबर दिले आणि प्रत्येकाला ईमेलचा पत्ता. फांदी मोडली, कीड लागली तर नागरिकांनी कळवावं, हा उद्देश. लोकांनी तक्रारी थोड्याच केल्या. झाडांना प्रेमपत्रं मात्र हजारोंनी धाडली. काहींना झाडांच्या वतीनं उत्तरंही गेली. आपल्याकडं ही योजना आली तर पहिला मेल झाडाखालच्या पार्किंगबद्दल असेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांची शर्यत म्हणून अख्ख्या मेलबर्नला सार्वजनिक सुट्टी असते. १८६१पासून ही शर्यत चालू आहे. फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीही सुट्टी असते, का, तर उद्या सामना आहे म्हणून.

शहराचा जन्म १८३५चा. टास्मानियाहून आलेल्या जॉन बॅटमननं घोंगड्या, सुऱ्या, आरसे, पीठ असलं सामान तिथल्या मूळ रहिवाशांना दिलं आणि त्याच्या मोबदल्यात सहा लाख एकर जमीन घेतल्याचा करार लिहून आणला. गव्हर्नरनं तो रद्द केला. कारण असं, की ती जमीन रहिवाशांची नव्हतीच, ती इंग्लंडच्या राजाची. राजानं ती कधी पाहिलेली नव्हती. मग १८५१ साली आसपास सोनं सापडलं आणि मेलबर्ननं लवकरच सिडनीला मागं टाकलं. पुढं विसाव्या शतकात सिडनीनं हिशेब चुकता केला.

तो २०२३ साली पुन्हा उघडला. शहराची सलग वस्ती कुठवर मोजायची, याची रेघ सांख्यिकी खात्यानं सरकवली आणि मेल्टन नावाचं उपनगर मेलबर्नमध्ये धरलं. जून २०२१च्या आकड्यांनुसार मेलबर्न सिडनीपेक्षा १८,७०० माणसांनी मोठं ठरलं. एकही माणूस घरातून हलला नव्हता. सिडनीनं लगेच दुसरी मोजपट्टी काढली. तिच्यात भोवतालचा सगळा परिसर येतो आणि सिडनीच मोठं ठरतं. हल्ली दोघंही आपापल्या पट्टीनं पहिले आहेत.

देशाची राजधानी कुणाची, हा वाद असाच पेटला होता. १९०१ साली देश झाला तेव्हा दोघांपैकी एकही हटेना. शेवटी राज्यघटनेतच लिहिलं, की राजधानी सिडनीच्या प्रांतात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब. आणि ती बांधून होईस्तोवर संसद मेलबर्नला बसेल. मेलबर्ननं ही सोय १९२७पर्यंत पुरवून घेतली. तोवर मेंढ्या चरायच्या त्या माळावर कॅनबेरा उभं राहिलं, आणि त्याला नावं ठेवताना मात्र दोन्ही शहरांचं एकमत असतं.

ब्रिस्बेनबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण ब्रिस्बेनलाही फार बोलणं आवडत नाही. उकाडा, नदी, खांबांवर उभी असलेली लाकडी घरं आणि २०३२चं ऑलिंपिक. उन्हाळ्यात दक्षिणेकडचे प्रांत घड्याळ तासभर पुढं करतात. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड प्रांतानं १९९२ साली सार्वमत घेऊन ते नाकारलं. जास्तीच्या उन्हानं पडद्यांचा रंग उडेल आणि गाईंची दूध द्यायची वेळ चुकेल, असं तिथले लोक म्हणत होते, ही दक्षिणेकडच्यांनी पसरवलेली थट्टा. पण गोल्ड कोस्टच्या विमानतळाची धावपट्टी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या सरहद्दीवर पसरलेली आहे, ही थट्टा नाही. उन्हाळ्यात तिच्या एका टोकाला जेव्हा दहा वाजतात तेव्हा दुसऱ्या टोकाला अकरा. सीमेवरच्या गावातले लोक रस्ता ओलांडून नवीन वर्ष दोनदा साजरं करतात.

याच प्रांतानं १९३५ साली उसातले भुंगे खाण्यासाठी हवाईहून बेडूक आणले. बेडकांनी भुंगे सोडून बाकी सगळं खाल्लं आणि आता ते शेजारच्या प्रांतांपर्यंत पसरले आहेत. रग्बीच्या सामन्यात सिडनीवाले क्वीन्सलँडरांना त्याच बेडकांच्या नावानं चिडवतात आणि बदल्यात स्वतःला झुरळं म्हणवून घेतात. ब्रिस्बेनचं गॅबा मैदान आपल्या लेखी तीर्थक्षेत्र आहे. तिथं १९८८पासून न हरलेला ऑस्ट्रेलिया जानेवारी २०२१मध्ये भारताकडून हरला.

त्याच दौऱ्यात ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता. आजोबा हा विषय काढू देत नाहीत. ॲडलेड म्हटलं की ते २००३ सालच्या अजित आगरकरच्या ४१ धावांतल्या ६ बळींवर येतात आणि तिथंच मुक्काम करतात.

ॲडलेडचा मान निराळा. १८३६ साली वसलेल्या या शहरात कैदी आणलेच नव्हते, आणि हे ते अजून प्रत्येक पाहुण्याला कळवतं. चर्चची गावभर रेलचेल, मधोमध आखीव रस्ते, भोवती बागांचा पट्टा. घड्याळ सिडनी-मेलबर्नपेक्षा अर्धा तास मागं. साडेपाच तासांवर जगणाऱ्या भारतीयाला त्यात वावगं दिसत नाही. या शिस्तीच्या शहरानं १९९७ साली एक महामार्ग बांधला आणि पैसे वाचवायला तो एकेरी ठेवला. कामाच्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या शहराकडं, मग फाटकं बंद करून रस्ता उलटा फिरवायचा, संध्याकाळी सगळ्या गाड्या घराकडं. उलट्या दिशेला ज्याला जायचं असेल त्यानं जुना रस्ता धरावा. २०१४ साली तो दुहेरी झाला, तेव्हा वाचवलेल्या पैशांहून कितीतरी जास्त गेले.

पर्थला कुणी सहज म्हणून जात नाही. सिडनीहून विमानानं पाचएक तास लागतात. इंडोनेशियातलं जाकार्ता त्याला सिडनीपेक्षा जवळ पडतं. सिडनीहून आगगाडीनं निघालं तर अंतर ४,३५२ किलोमीटर, आणि त्यातला नलारबॉरच्या माळावरचा ४७८ किलोमीटरचा रूळ एवढा सरळ, की ड्रायव्हरला वळणाची आठवण काढावी लागते. असल्या एकटेपणाचंही पर्थनं भांडवल केलं. २० फेब्रुवारी १९६२च्या रात्री अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणा करत वरून जाणार होता, तेव्हा गावानं घराघरांतले दिवे चालू ठेवले. त्याला वरून ते दिसले आणि त्यानं आभार मानले. तोच ग्लेन ७७व्या वर्षी, १९९८ साली पुन्हा अंतराळात गेला, तेव्हा पर्थनं पुन्हा दिवे लावले. ओळख धरून ठेवावी तर अशी.

लोखंडाच्या खाणींवर विमानानं ये-जा करणारे कामगार आजही या शहराचा खिसा भरतात, आणि आपल्या कमाईवर पूर्वेकडचे जगतात ही तिथली जुनी तक्रार आहे. ८ एप्रिल १९३३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियानं देशातून फुटून निघायचं का यावर मतदान घेतलं. जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी ‘निघायचं’ म्हटलं. त्याच दिवशी विधानसभेची निवडणूकही होती. तीत त्याच लोकांनी फुटून निघण्याच्या बाजूचं सरकार पाडलं आणि विरोधातल्या पक्षाला निवडून दिलं. त्या बिचाऱ्या पक्षाला मग नको असलेला अर्ज लंडनला पाठवावा लागला. ब्रिटिश संसदेनं १९३५ साली कळवलं, की ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं सांगितल्याशिवाय आम्हाला यात पडता येत नाही. म्हणजे ज्यांच्यापासून सुटका हवी त्यांचंच शिफारसपत्र आणा.

त्यानंतरचं भांडण जीएसटीच्या वाटणीवरून चाललं. मुलानं हे सांगितलं तेव्हा आजोबांनी मान डोलावली. केंद्राकडं अडकलेल्या पैशांवर त्यांना बोलायला तास पुरत नाही. शेवटी २०१८ साली कायदा झाला, की लोकसंख्येच्या प्रमाणात येणाऱ्या वाट्याच्या दर डॉलरमागं ठरावीक सेंट, आधी ७० आणि पुढं ७५, पश्चिम ऑस्ट्रेलियासह कुठल्याही प्रांताला काही झालं तरी मिळतील. आता सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन आणि ॲडलेड हे सगळे मिळून पर्थवर चिडलेले आहेत.