ओले हात

कृष्णाकाठच्या एका गावात माझं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिथे दोन गोष्टी शिकायला पाठवलं जाई : पोहणं आणि धीर धरणं. पाठीला वाळका भोपळा बांधल्यावर पोहणं आठवड्याभरात आलं. धीराचा वर्ग मामांकडे होता. तो अजून चालूच आहे, मामा मात्र नाहीत. वर्गाचं साहित्य अगदी साधं : वेळूची काठी, तिला बांधलेला तंगूस, शिशाचा एक तुकडा, गळ आणि पाण्यावर उभा राहणारा मोरपिसाचा देठ. वहीत ठेवलं की विद्या येते म्हणून आम्ही पोरं जे मोरपीस जपायचो, त्याचा सगळा साज उतरवून मामांनी त्याला नदीवर कामाला लावलं होतं. विद्या तिथेही यायचीच. फक्त ती खालून यायची.

त्या देठाच्या हालचालीवरून खाली कोण आलंय हे मामा सांगायचे. दारावरची थाप ऐकून माझी आजी जशी जागेवरूनच म्हणायची, ‘विरजण मागायला आली असेल, कडी काढ गं,’ तसंच. देठ टुकटुक नाचला की बारकी मासळी. तिला गांडूळ हवं असतं, गळ नको असतो, आणि बहुतेक वेळा तिला दोन्ही जमतं. शिंगटी आडपडदा ठेवत नाही, देठ धरून सरळ खाली नेते. वर आल्यावर मात्र कल्ल्यामागचे काटे ताठ करून कर्रकर्र कुरकुरते, एखाद्या जुन्या भाडेकरूसारखी. वाम गिळते आणि दगडाच्या कपारीत शिरून बसते, मग गळ अडकलाय की मासा लागलाय हा प्रश्न तासभर पुरतो. आणि देठ तिरका होऊन सावकाश, विचार करत सरकू लागला तर तो खेकडा. मला मात्र प्रत्येक वेळी खाली प्रचंड मोठा मासाच आहे असं वाटायचं. माझ्या त्या प्रचंड माशांपैकी निम्मे बाभळीच्या मुळ्या निघाले.

मासा हाती आला की ओळखपरेड. मामांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तोंड कुठं हाय बघ.’ मला वाटायचं, तोंड तोंडाच्याच जागी असणार. पण माशाचं तोंड म्हणजे त्याच्या घराचा पत्ता असतो. कटल्याचं डोकं थोराड आणि तोंड वर वळलेलं. तो वरच्या पाण्यात चरतो. रोहूचे ओठ जाड, झालरीचे. त्याचा मुक्काम मधल्या पाण्यात. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं. तो तळाचा गाळ हुंगत फिरतो. एका तलावात हे तिघं गुण्यागोविंदाने राहतात, कारण एक माडीवर, एक माजघरात आणि एक तळघरात. चुली तीन असल्यामुळे भांडण नाही. आमच्या वाड्यात तीन भावांना हे जमलं नव्हतं. तिघांच्याही जबड्यात दात नाहीत. जे आहेत ते घशात. रागावले तरी दात दाखवता येत नाहीत, हेही सलोख्याचं एक कारण असावं. खरं तर हे तिघं उत्तरेकडच्या नद्यांचे रहिवासी, इकडच्या धरणांत आणि तळ्यांत माणसांनी आणून सोडलेले. पण आता बाजारात तेच गावकरी आहेत आणि मूळचे गावकरी कुठे दिसेनासे झालेत.

त्या मूळच्यांपैकी एक नकटा. याच्या नाकाडावर अशी खोल खाच असते की कुणीतरी नाक छाटता छाटता मध्येच विचार बदलावा. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनभर हिंडून माणसांची, पिकांची, पाखरांची आणि माशांचीही नोंद केली. १८३९ साली त्याने या माशाला शास्त्रीय नाव दिलं, त्यात ‘नुक्ता’ आहे. मी तो प्रसंग नेहमी डोळ्यांसमोर आणतो : काठावर बूट घातलेला साहेब, समोर गुडघाभर पाण्यात उभा असलेला भोई. साहेब विचारतो, हा कोण? भोई माशाच्या तोंडाकडे बघतो आणि जे दिसतं ते सांगतो. साहेब गंभीरपणे लिहून घेतो. एवढ्यावर आपली एक गावठी टिंगल लॅटिनचा अंगरखा घालून जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसली. दुसरा असाच खवलचोर. हा बारका मासा इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नावात सरळ ‘खवलचोर’च ठेवलं. चोराला चोर म्हणण्याची सोय शास्त्रात आहे याचं मला फार कौतुक वाटतं. नकटा आता क्वचितच दिसतो. नाक गेलं तरी नाव राहिलं, आणि आता मासा चाललाय तरी नाव राहणार.

मरळ लागावी म्हणून मी फार झुरायचो. मरळ म्हणजे पाण्यातलं एक कोडंच. तिला हवेतला श्वास लागतो. थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन घोट घेते, आणि जाळ्यात अडकून खालीच राहिली तर चक्क बुडून मरते. मासा बुडून मरतो हे मी शाळेत सांगितलं तेव्हा मला बाकावर उभं केलं होतं. एकदा कडेच्या लव्हाळ्याजवळ पाण्यात तांबूस ढग हलताना दिसला. मरळीची पिल्लं! ढगाखाली आईबाप राखणीला असतात; वरून बेडकी नाचवली की भुकेने नव्हे, रागाने झडप घालतात. हे मामांनीच शिकवलेलं, म्हणून मी काठी उचलली. मामांनी ती हळूच खाली केली. ‘आज न्हाई. पोरं लहान हाईत त्यांची.’ शेजारच्या घरी बाळंतीण आहे, आवाज करू नको, असं सांगावं तसं. पकडण्यासाठी जे जे कळावं लागतं, त्यातलं अर्धं कळल्यावर काठी खाली ठेवावी लागते, हा त्या विद्येतला मोठाच घोटाळा आहे.

माझा स्वतःचा पहिला मासा वीतभर रोहू. ‘सोड त्येला,’ मामा म्हणाले. मी घाईने धरायला गेलो तर ओरडले, ‘आधी हात भिजीव!’ माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, ज्याला आपण नाक मुरडतो. तीच त्याची कातडीवरची कातडी. कोरड्या हाताने धरलं की ती निघून येते. मासा पोहत जातो, आपल्याला वाटतं वाचला, पण त्या उघड्या जागी पुढे बुरशी धरू शकते. मी हात बुडवले, गळ सोडवला, रोहूला पाण्यातच आडवा धरला. त्याने दोनदा कल्ले हलवले आणि बोटांमधून निघून गेला, निरोप न घेता. माशांना पापण्याच नसतात. डोळ्यात पाणी आलं असतं तरी कळलं नसतं. माझं मात्र मामांना कळलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी मामा अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो, तेव्हा कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी घेऊन मी हात धुतले आणि तसेच ओले हात त्यांच्या हाताकडे नेले. त्यांनी माझ्या बोटांवरून ओघळणारं पाणी पाहिलं. खोल गेलेले डोळे हसले.

‘मला सोडून देतोस व्हय रं?’

मी काही बोललो नाही. हात तसाच धरून बसलो.

तुमच्या गळाला कधी लहान मासा लागला, तर त्याला धरण्याआधी हात पाण्यात बुडवा.