ऑटव्याहून, दुकानाच्या कामी

ती. दादा आणि सौ. वहिनींस सा. न.

आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं ऑनलाइन विकायचं ठरवलंत, आनंद झाला. इथे आमच्या घरात सल्ला फुकट आणि मुबलक मिळतो, तेव्हा घ्याच. वहिनींना विक्सची टेम्पलेटं आवडली आहेत, दादाला वूकॉमर्स फुकट आहे हे आवडलंय. माझं म्हणणं एवढंच, की ऐन एप्रिलमध्ये साइट झोपली तर तिला उठवणार कोण, हे आधी ठरवा. वेबसाइट बिल्डर मग आपोआप ठरतो.

वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर बसवायचं प्लगइन. ते फुकट, खरंच. पण होस्टिंग, बॅकअप, अपडेट आणि एक प्लगइन सुधारलं म्हणून दुसरं रुसलं तर त्याची समजूत काढणं, हे सगळं मालकाच्या गळ्यात. आणि मालक त्या वेळी उन्हात रसाची ताटं राखत बसलेला. मी सुचवतो त्या शॉपिफायवर ती उस्तवार कंपनीची, म्हणून तर महिन्याचं भाडं. कंपनी ऑटव्याची, तेव्हा आम्ही गाववाल्याची बाजू घेतो असं म्हणाल. पण तिचा जन्मच माझ्या बाजूने साक्ष देतो. 2004 साली टोबियस ल्युटके इथून स्नोबोर्ड ऑनलाइन विकत होता. तयार सॉफ्टवेअर पसंत पडेना, प्रोग्रामर असल्याने स्वतःच लिहिलं, आणि 2006 पासून बोर्ड सोडून सॉफ्टवेअरच विकायला लागला. दोन्ही सांभाळायला गेलं की कोण जिंकतं ते बघा. तुमच्याकडे आंबापोळी हरायला नको.

दादा लगेच टक्केवारी काढेल. काढू दे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे लागतो. त्याचे साधारण 2 टक्के आणि बेसिक प्लॅनवर शॉपिफायचे आणखी 2. म्हणजे 400 रुपयांच्या ऑर्डरीतले 16 गेले. जिवाला लागतं, पण गेटवेचे 8 वूकॉमर्सवरही जाणारच. वाद उरला दुसऱ्या 8 रुपयांचा आणि भाड्याचा. महिन्याला 100 ऑर्डरी धरल्या तर ते 800 होतात. एवढे आणि वर भाड्याइतके पैसे घेऊन हंगामात पहिल्या रिंगला फोन उचलणारा वेबसाइटवाला चिपळुणात असेल, तर मी शब्द मागे घेतो. कॅश ऑन डिलिव्हरीवर शॉपिफायचे 2 टक्के लागत नाहीत म्हणून हुरळूही नका. गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही तर पार्सल परत, आणि जाण्यायेण्याचं कुरिअर आपल्या बोकांडी.

भाड्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. आंब्याला हंगाम असतो, भाड्याला नाही. ते आषाढातही कापलं जातं. म्हणून सवलत दिसली तरी पहिल्या वर्षी वार्षिक प्लॅन घेऊ नका. डोमेन वेगळं, दादाच्याच नावावर घ्या. पुढेमागे बिऱ्हाड हलवलंत तर मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी सीएसव्ही फाइलीत सोबत येते. सजावट येत नाही, हे वहिनींनी आत्ताच ऐकून ठेवावं. तशीही विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेलं टेम्पलेट त्याच साइटवर बदलता येत नाही. साडीच्या दुकानात असा नियम वहिनींनी चालवून घेतला असता का?

तुमचा,
धाकटा

ता. क. पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक छापायला विसरू नका. ते काम कुठलाच बिल्डर करत नाही.